झाड लावायला गुडघे लागत नाहीत

मागच्या जुलैत ठाण्यात आमच्या घराजवळच्या एका बागेत वृक्षारोपण होतं, आई म्हणाली मलाही यायचंय. आई ७४ वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले, वॉकर घेऊन चालते. गेल्या गेल्या एक मुलगा खुर्ची घेऊन आला, आजी तुम्ही इथे आरामात बसा, आणि शेवटी फोटोच्या वेळी तिला रोपाला हात लावायला बोलावलं. सगळे प्रेमानेच वागत होते. पण परत येताना रिक्षात ती म्हणाली, "गावाला परसात किती झाडं लावली मी, आज नुसता हात लावून आले." मी बॉटनी शिकलेला माणूस, त्या दिवसापासून एकच विचार करतोय, की झाड लावताना नेमकी ताकद लागते कुठे?

तर ती लागते खड्ड्याला. दोन बाय दोन बाय दोन फुटांचा खड्डा म्हणजे सव्वादोनशे लिटर माती, वजनात तीनशे किलोच्या वर, आणि आपल्याकडे खाली मुरूम नाहीतर भरावाचं डेब्रिज, पहार आपटून आपटून तरण्या माणसाचेही हात भरून येतात. पण हे काम तसंही मे महिन्यात माळ्यांनी किंवा खड्डे पाडायच्या ऑगर मशीनने उरकलेलंच बरं. त्यानंतर जे राहतं ते सगळं बोटांचं काम आहे आणि झाड जगणार की मरणार हे बरचसं तिथेच ठरतं. काळी पिशवी कापायची, मुळं पिशवीत गोल गोल फिरली असतील तर ती हलक्या हाताने मोकळी करायची, कारण तशीच ठेवली तर ती पुढे जाड होऊन स्वतःच्याच खोडाला आवळतात. मग खोड संपून मुळं सुरू होतात ती जागा, कॉलर म्हणतात तिला, ती मातीच्या पातळीला येतेय ना बघायचं. घाईघाईत रोप खोल गाडलं जातं, पावसात कॉलरभोवती पाणी साचतं, साल कुजते आणि दोन-तीन वर्षांनी लोक म्हणतात झाड उगाच वाळलं. ही सगळी कामं टेबलाशी बसून किंवा स्टुलावर बसून होतात, आणि ती सावकाश करणारा माणूसच तिथे हवा असतो.

दुसरी गोष्ट रोपाच्या साइजची. कार्यक्रमाला सहा-सात फुटी रोपं आणतात, फोटोत छान दिसतात म्हणून. फूटभर रुंद, फूटभर उंच पिशवीत वीसेक लिटर माती बसते, ओली असली की तीस किलो. पाच इंच रुंद, सात इंच उंच पिशवी मात्र तीन किलोच्या आत-बाहेर, मांडीवर घेता येते. आणि शास्त्र लहान रोपाच्या बाजूने आहे, कारण मोठ्या रोपाला पानं भरपूर आणि मुळं पिशवीपुरती, त्यामुळे नव्या जागेत त्याला पाणी पुरत नाही आणि बराच काळ ते नुसतं तग धरून उभं राहतं, तेवढ्यात लहान रोप मुळं पसरवून पुढे निघून जातं. त्याला तुडवलं जाण्याचा धोका जास्त हे खरं, ट्री गार्ड लागतोच.

आता खरी अडचण, चिखल. ठाणे-नवी मुंबईत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, आणि रोपं लावायची वेळही तीच. उभ्या माणसाचं वजन दोन तळव्यांवर पसरतं, प्रत्येक चौरस सेंटिमीटरला अंदाजे पाव किलो येतं. व्हीलचेअरच्या पुढच्या छोट्या चाकाखाली टेकणारी जागा जेमतेम दोन-तीन नाण्यांएवढी, तिथे हाच भार सहज आठ-दहा पट होतो, म्हणून ते चाक रुततं. काठीच्या टोकाचंही तेच. उपाय आपल्याला पावसाळ्यात अंगणात विटा आणि फळ्या टाकून माहीतच आहे, भार पसरायचा. पक्क्या रस्त्यापासून खड्ड्यापर्यंत जाड प्लायवूड, वर काथ्याची चटई ठोकलेली, नाहीतर ओल्या प्लायवरून पाय सटकतो. रुंदी निदान तीन फूट, आणि शेवटी पाच बाय पाच फुटांची जागा व्हीलचेअर वळवायला. कर्ब, म्हणजे रस्त्याची उंच कड, चढायला रॅम्प १:१२, म्हणजे अर्ध्या फुटाला सहा फूट लांबी. पारिजातक, कुडा, सीता अशोक अशी छोटी झाडं बागेतल्या चालायच्या ट्रॅकच्या कडेलाच लावता येतील, वड-पिंपळ मात्र नकोत तिथे, मुळं ट्रॅक उखडतील आणि मग व्हीलचेअरचीच वाट बंद.

वाकायचंच नसेल तर त्यालाही अवजार आहे. फिनलंडमध्ये १९७० च्या दशकात पोटिपुत्की नावाची नळी निघाली, टोक जमिनीत खुपसायचं, पायाने पेडल दाबलं की खालचं तोंड उघडतं, वरून ट्रेमधलं रोप सोडायचं आणि ते मातीत. जंगल लावणाऱ्या मजुरांच्या पाठीसाठी केलेली गोष्ट, आपल्या आजीच्या पाठीलाही चालेल. आपण निदान खुरप्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळू शकतो, जाड मूठ धरायला सांधेदुखीच्या बोटांना कमी जोर लागतो. आईला तेवढ्यानेच खूप फरक पडला.

शरीराचंही थोडं सांगतो कारण इथे हलगर्जीपणा नको. उकिडवं बसून झटकन उठलं की रक्त पायात उतरतं आणि बीपी पडतो, तरुणपणी शरीर काही सेकंदांत सावरतं, वयानुसार आणि बीपीच्या गोळ्यांमुळे तो वेग कमी होतो, चक्कर येते. म्हातारपणी तहानही उशिरा लागते. पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांना इजेच्या खाली घाम नीट येत नाही, आणि आपली जुलैची हवा एवढी दमट की आलेला घामही वाळत नाही. त्यामुळे सकाळी सातला सुरू करा, सावली आणि पाणी ठेवा, भाषणं झाडं लावून झाल्यावर. शुगरवाल्यांना पायाची जखम बऱ्याचदा कळत नाही आणि चिखलपाण्यात उंदराच्या लघवीतून आलेले लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू असू शकतात, ते जखमेतून सहज शिरतात. गमबूट आणि हातमोजे सगळ्यांना, विचारत बसू नका. आणि जवळ व्हीलचेअर आत जाईल असं टॉयलेट हवंच, ते नसलं की बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत.

यंदा आम्ही सोसायटीत हे छोट्या प्रमाणात करून बघितलं. शेजारचे काका पोलिओमुळे व्हीलचेअरवर असतात, त्यांनी पहिल्यांदा स्वतः झाड लावलं, ताम्हण. एका ताईंना अजिबात दिसत नाही, त्यांच्याकडे पिशव्या कापायचं काम होतं, एक रोप हातात धरून त्या म्हणाल्या, "याची मुळं गोल फिरलीयत, हे असंच लावू नका." आम्ही तिघं डोळस माणसं ते रोप आधी बघून गेलो होतो. बकुळीची रोपंही त्यांनीच निवडली, वासाने जागा ओळखता येईल म्हणून. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठी ईटीसी हे शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे, अशा ठिकाणच्या मुलांना बागांनी हक्काने बोलवायला हवं, आणि टेबलाशी बसवून काम द्यायला हवं.

रोपं सगळ्यात जास्त मरतात ती पहिल्या उन्हाळ्यात. नोव्हेंबर ते मे पाऊस जवळपास नसतोच आणि जुलैत फोटो काढणारे तोवर कुठच्या कुठे गेलेले असतात. रोज संध्याकाळी बागेत येणार कोण, तर निवृत्त मंडळी. आईच्या वॉकरला आता एक पिशवी बांधलीय, त्यात एकेक लिटरच्या दोन बाटल्या. झाकणाला भोक पाडलंय, उभ्या उभ्याच आळ्यात धार पडते, वाकावं लागत नाही.