तळ्यातल्या माशाला डिंकाचा लाडू नको

दिवाळी सरते, पहाटे अंगावर दुसरी गोधडी ओढावीशी वाटते, आणि आमच्या ओळखीतल्या शेततळेवाल्यांचे फोन सुरू होतात. तक्रार दरवर्षी तीच. "मासे खाईनात. काल संध्याकाळी टाकलेलं खाद्य सकाळी तसंच तरंगतंय. कोणतं औषध टाकू?" माझे उत्तरही ठरलेले आहे. "आधी पाण्यात थर्मामीटर घाला आणि आकडा सांगा." बहुतेकांकडे थर्मामीटर नसतो. प्लास्टिकच्या कागदावर, कुंपणावर, मत्स्यबीजावर आणि खाद्याच्या गोण्यांवर खर्च झालेला असतो, पण दोन-तीनशे रुपयांची ही काचेची कांडी मात्र कोणी आणलेली नसते.

गोंधळ कुठे होतो तेही समजण्यासारखे आहे. थंडीत आपल्याला भूक जास्त लागते. डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, तूप हे सगळे या दिवसांतलेच. गोठ्यातल्या जनावरालाही आपण पेंड वाढवतो. मग तळ्यातल्या जिवाने काय घोडे मारले आहे? पण आपण आणि गाय-म्हैस एका गटातले, मासा दुसऱ्या गटातला. आपले शरीर ३७ अंशांवर टिकवायचे तर आतली चूल सतत पेटती हवी, आणि बाहेर गारठा वाढला की सरपण जास्त लागते. माशाच्या अंगात अशी चूलच नाही. पाणी २८ अंश तर रोहू २८ अंश, पाणी १८ अंश तर रोहूही १८ अंश. अंग तापवायचा खर्च नसल्यामुळेच मासा इतक्या थोड्या खाद्यात वाढतो. सारख्या वजनाच्या सस्तन प्राण्याला निवांत बसून जेवढी ऊर्जा लागते, तिच्या दहाव्या हिश्शातही त्याचे भागते.

शरीरातले सगळे काम शेवटी रासायनिक क्रियांनी चालते आणि त्या तापमानावर अवलंबून असतात. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी उतरले की या क्रियांचा वेग निम्म्यावर, कधी एक तृतीयांशावर येतो. ऑक्टोबरमध्ये २८ अंशांच्या पाण्यात असलेला मासा डिसेंबरात १८ अंशांत येतो, तेव्हा त्याचा रोजचा खर्च निम्माच राहतो. खर्च नाही म्हणून भूक नाही. तो आजारी नसतो. त्याचा हिशोब आपल्यापेक्षा चोख असतो, एवढेच.

त्यात कार्प कुळातल्या माशांची आणखी एक गंमत आहे. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (म्हणजे कॉमन कार्प) यांना जठरच नसते. घशातल्या दातांनी दळलेला घास थेट लांबलचक आतड्यात जातो. आम्लात घोळून ठेवायची सोय नाही, साठवायची पिशवी नाही. त्यामुळे हे मासे एकदम पोटभर जेवत नाहीत, दिवसभर थोडेथोडे टिपत राहतात. गार पाण्यात आतड्याची चालही मंदावते आणि पाचक रसांचे कामही. सकाळचा घास अजून वाटेतच असताना संध्याकाळी पुढे ताट वाढले, तर तो ते बघणारही नाही.

थंडीशी जुळवून घेण्याचे माशाचे तंत्र पाहायचे असेल तर न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली आठवा. थंडी पडली की खोबरेल थिजते, पण शेजारचे करडईचे तेल पातळच राहते. कारण खोबरेलात संपृक्त मेदाम्ले जास्त असतात आणि करडईत असंपृक्त. माशाच्या प्रत्येक पेशीचे पटलही मेदाचेच असते, आणि ते थिजले तर पेशीचा कारभार थांबेल. म्हणून पाणी गार होऊ लागले की मासा पटलातला मेद बदलत जातो, म्हणजे खोबरेल काढून करडई भरतो म्हणा ना! ही दुरुस्ती एका रात्रीत होत नाही. तिला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे लागतात. थंडी हळूहळू उतरली तर मासा निभावून नेतो. अवकाळी पावसासोबत पारा दोन दिवसांत घसरला, की खाणे बंद करून तळाशी बसतो. अशा दिवसांत खाद्याला हातच लावू नये.

आता पाण्याकडे वळू. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात पहिल्या पानावर येतात, आणि त्या वाचून तळेवाला घाबरतो. पण बातमीतला पारा हवेचा असतो. ३० बाय ३० मीटरच्या आणि तीन मीटर खोल शेततळ्यात साधारण २० लाख लिटर पाणी मावते. एवढे पाणी एका अंशाने गार व्हायचे तर त्यातून २,३०० युनिट विजेइतकी उष्णता बाहेर पडावी लागते. म्हणून हवेतली एका रात्रीची थंडी पाण्यात तशीच उतरत नाही. हवा आठ अंशांवर गेली तरी खोल तळ्यातले पाणी १७-१८ अंशांवर असू शकते. याची दुसरी बाजू अशी की गारठलेले पाणी तापायलाही तितकाच वेळ घेते. संक्रांतीनंतर दुपारी ऊन चटका देऊ लागले म्हणून लगेच खाद्य वाढवणारा इथेच फसतो. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या तलावांचे गणित निराळे. ते पसरट आणि उथळ, त्यामुळे लवकर गारठतात आणि लवकर तापतात.

एक धोका मात्र थंडीच्या अगदी तोंडाशी असतो, आणि त्याकडे बहुतेकांचे लक्ष नसते. ऑक्टोबरच्या उन्हात खोल तळ्यात पाण्याचे थर पडतात. वर कोमट, हलके, शेवाळामुळे ऑक्सिजन भरपूर असलेले पाणी. खाली गार, जड आणि कुजणाऱ्या गाळामुळे ऑक्सिजन संपलेले पाणी. पहिली कडक थंडी आली की वरचा थर गार होऊन जड होतो आणि खाली बसतो. तळाचे पाणी वर येते आणि सगळे तळे ढवळून निघते. त्या पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे वासू लागतात. पाहणाऱ्याला वाटते भुकेले आहेत, आणि तो खाद्याची पाटी उचलतो. ते अन्न मागत नसतात, श्वास शोधत असतात. तेव्हा एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारे यंत्र लावावे, ते नसेल तर पंपाने तळ्याचेच पाणी उंचावरून तळ्यात पाडावे, आणि त्या दिवशी खाद्याला सुट्टी द्यावी.

हे दिवस सरले की ऑक्सिजनच्या बाबतीत थंडी उलट मदतच करते. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, २० अंशांना नऊ. माशाची गरज कमी आणि पुरवठा जास्त, त्यामुळे तळे शांत दिसते. या शांततेतच पुढचे दुखणे साचत असते.

ते कसे, ते हिशोब करून बघा. तळ्यात अर्ध्या किलोचे हजार मासे आहेत, म्हणजे ५०० किलो. वजनाच्या दोन टक्क्यांनी रोज १० किलो खाद्य पडते. थंडीत त्यातले पाचच किलो खाल्ले गेले आणि तळेवाल्याने माप कमी केले नाही, तर साठ दिवसांत ३०० किलो खाद्य तळाला जाते. ४० रुपये किलो धरले तर १२,००० रुपये झाले. पैसे गेले ते गेलेच, पण त्या खाद्यात २८ टक्के प्रथिने असतील तर त्यात १३ किलोंहून अधिक नायट्रोजन आहे. तो सगळा अमोनिया झाला असे मानले, तर २० लाख लिटरमध्ये लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅम भरतो. सगळा होत नाही, काही गाळात राहतो, काही शेवाळ उचलते. पण अमोनियाचा फडशा पाडणारे जिवाणूही थंडीत सुस्तावलेले असतात, त्यामुळे बराचसा साचून राहतो.

साचूनही तो हिवाळ्यात फारसा चावत नाही. अमोनियाची पाण्यात दोन रूपे असतात, एक निरुपद्रवी आणि एक विषारी, आणि कोणते किती हे तापमान आणि सामू (पीएच) ठरवतात. पाणी २० अंश आणि सामू ८ असेल तर विषारी रूप चार टक्क्यांच्याही आत असते. मग होळी जवळ येते, पाणी २८ अंशांवर जाते, शेवाळ माजते आणि भर दुपारी सामू ९ वर चढतो. आता तेच रूप ४० टक्क्यांच्या घरात जाते. नवे काही न टाकता विष दहा पट! मार्चमध्ये मासे मेले की सगळे उन्हाळ्याला दोष देतात. खरी उधारी मार्गशीर्षातली असते.

रोगाचेही तसेच. थंडीत माशाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि नेमका तेव्हाच अंगावर लाल चट्टे उठवून पुढे खोल जखमा करणारा रोग फोफावतो. १९८८ मध्ये तो भारतात आला. बुरशीसारखा दिसणारा एक सूक्ष्मजीव त्याला कारणीभूत असतो, आणि १८ ते २२ अंशांचे पाणी त्याला फार मानवते. थंडीआधी तळ्यात चुना मारण्याची पद्धत पडली ती यासाठीच. तळाला कुजणारे खाद्य असेल तर मासा आधीच कमजोर झालेला असतो.

मग द्यायचे तरी किती? मी आकड्यापेक्षा परातीवर भरवसा ठेवतो. ॲल्युमिनियमची परात दोरीने बांधून पाण्यात मीटरभर खाली सोडायची, तिच्यात भिजवलेली शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा यांचे गोळे ठेवायचे आणि दोन तासांनी वर ओढून पाहायचे. उरले तर उद्या कमी. आंध्रात भोकाभोकाच्या पिशव्या बांबूंना टांगून खाद्य देतात, त्यातही हीच सोय आहे. थंडीत मासे खालच्या थरात असतात, त्यामुळे तरंगत्या दाण्यांपेक्षा परात बरी. वेळही बदलायला हवी. सकाळी सातचे खाद्य अकराच्या पुढे न्यावे, संध्याकाळचे बंदच करावे. पाणी २० अंशांखाली गेले की नेहमीचे माप निम्मे, १५ च्या खाली गेले तर जवळजवळ शून्य.

सगळे मासे सारखे नसतात हेही ध्यानात ठेवावे. सायप्रिनस थंडीला काटक आहे. पंगस मूळचा मेकाँग नदीच्या खोऱ्यातला, त्याला गारठा सोसत नाही. तो विक्रीजोगा झाला असेल तर डिसेंबरची वाट न पाहता बाजारात न्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्लंडात राहणाऱ्या एका नातेवाइकांच्या परसात कोई मासे आहेत. कोई म्हणजे रंगीत सायप्रिनसच. तिकडे पाणी दहा अंशांखाली गेले की खाद्य बंद, ते थेट वसंतातच सुरू. वर बर्फ आणि तळाशी चार अंशांचे सर्वांत जड पाणी, त्यात मासे महिनोन्महिने उपाशी बसतात. आपल्याकडे इतका कडक उपास क्वचितच लागतो.

बोअरचे पाणी सोडून तळे ऊबदार होते का, असेही विचारले जाते. २५ अंशांचे ५०,००० लिटर पाणी १८ अंशांच्या २० लाख लिटरमध्ये सोडले तर तळ्याचे तापमान पाव अंशही वाढत नाही. पण ज्या कोपऱ्यात ते पडते तिथे मासे शेकोटीभोवती जमावे तसे जमतात, आणि एखाद्या कडक पहाटे तेवढे पुरते. जमिनीतल्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून ते उंचावरून पाडावे.

तळाचे तापमान मोजायला महागडे यंत्र लागत नाही. दगड बांधलेली बाटली दोरीने खाली सोडून दहा मिनिटे ठेवा, वर ओढा आणि लगेच तिच्यात थर्मामीटर बुडवा. रोज एकाच वेळी, वहीत तारखेसह. फेब्रुवारीत आकडा तीन-चार दिवस सलग २२ च्या वर राहिला आणि परात चाटूनपुसून वर आली, की दुसऱ्या दिवशी एक मूठ जास्त टाकायची.