पार्श्वभूमी: ग्रॅनी स्क्वेअर आणि ‘डबल’चा घोळ

ठाण्यात किंवा नवी मुंबईत क्रोशाच्या वर्गाला येणारी मुलगी हल्ली पहिल्याच दिवशी फोनमधला फोटो पुढे करते आणि म्हणते, मला हा चौकोन शिकायचाय. तिच्या आजीच्या वेळी क्रम ठरलेला होता. आधी हातभर साखळी, ती एकसारखी येईपर्यंत उसवायची. मग मुका खांब (बुटका टाका), मग खांब (त्याहून उंच टाका), मग ब्लाउजच्या बाहीची लेस आणि वर्षभरानंतर कधीतरी गोल रुमाल. या क्रमात ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे मधल्या कड्यापासून फेऱ्या घालत बाहेर वाढवायचा हाच चौकोन, कुठेच नव्हता. तो पहिल्या धड्याच्या जागी कसा आला आणि येताना शब्दांचा कोणता गोंधळ सोबत घेऊन आला, याची ही नोंद.

क्रोशा हा शब्द फ्रेंच, अर्थ लहानसा आकडा. छापील नमुने १८२० च्या दशकात एका डच मासिकात आले. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमधल्या बायकांनी याच आकड्यावर लेस विणून घरं चालवली. आपल्याकडे ही कला मिशनऱ्यांच्या हातून उतरली. गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूरची क्रोशा लेस त्याच वाटेने आली आणि २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. चौकोनाचा एक जुना छापील नमुना १८८५ सालचा, अमेरिकेतल्या एका शेतकी साप्ताहिकातला. १८९७ मध्ये इंग्लंडमधल्या एका हस्तकलेच्या मासिकातही तसाच चौकोन दिसतो. उरलेसुरले रंगीत तुकडे वाया जाऊ नयेत, एवढीच त्यामागची निकड. आपल्या गोधडीची जी, तीच.

ठाण्यातल्या घरांत मात्र १९७० ते १९९५ च्या काळात क्रोशा म्हणजे पांढरा सुती दोरा. नौपाड्यातल्या किंवा चरईतल्या कुठल्याही बैठकीच्या खोलीत रेडिओवर, नंतर टीव्हीवर रुमाल असे, दाराला तोरण असे. रुखवतात जाळीच्या पट्टीवर ‘स्वागतम्’ असे. ती अक्षरं आलेखाच्या कागदावर चौकटी भरून आधी बसवलेली असत: भरलेली चौकट म्हणजे खांब, रिकामी म्हणजे साखळी. या कामाला दृष्टी लागे, मोजणी लागे. त्याला फावल्या वेळेचा उद्योग म्हणणाऱ्यांनी एकदा तरी ‘स्व’ विणून पाहावा.

लोकर इथे कमीच. थंडीच पडत नाही, तर पांघरूण विणणार कोणासाठी? गावात लोकरी कापडाची मोठी गिरणी होती, पण तिथे सुटाचं कापड निघे. हातविणीची लोकर लुधियानाकडून यायची आणि ती लागायची बाळाच्या कुंचीला, टोपऱ्याला, मोज्यांना, तीही दोन सुयांवर. ऐंशीच्या दशकात दुकानात जिला सगळे कॅशमिलॉन म्हणत ती ॲक्रिलिकची लोकर स्वस्त झाली. टोचत नाही, रंग जात नाही, घरी धुता येते. स्वेटर झाल्यावर उरणारे तिचे छोटे गुंडे पिशवीत साठू लागले. चौकोनाला लागणारा कच्चा माल असा घरात येऊन बसला होता. नमुना पोचायला आणखी वीस वर्षं गेली.

तो पोचला इंटरनेटवरून, आणि रुजला लोकलच्या बायकांच्या डब्यात. २००४ मध्ये ठाणे-वाशी गाडी सुरू झाली तेव्हा आमच्यातल्या कितीजणींचा जाण्यायेण्याचा तास एकदम बसून जाऊ लागला. गोल टेबलक्लॉथ पाचशे टाक्यांवर गेला की पर्समधून काढता येत नाही. घेर आपल्या मांडीवरून शेजारणीच्या मांडीवर जातो. चौकोन तळहाताएवढा. ठाण्याला साखळीचं कडं घातलं तर ऐरोली-रबाळेपर्यंत दोन फेऱ्या होतात, वाशीला उतरताना दोरा कापून मोकळं. शेजारी बसलेली बघते, विचारते, दुसऱ्या दिवशी स्वतःची सुई घेऊन येते. ज्या बायका या डब्यात शिकल्या त्यांनीच पुढे नेरूळला, ऐरोलीला, घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये वर्ग काढले.

आता त्या ‘डबल’बद्दल. यावर जरा थांबायला हवं, कारण नवशिक्यांची निम्मी रड इथलीच आहे.

इंग्लंडमध्ये ज्या टाक्याला डबल म्हणतात त्याला अमेरिकेत सिंगल म्हणतात. इंग्लंडचा ट्रेबल तो अमेरिकेचा डबल. हिशोब असा लागतो: मुका खांब घालताना सुईवर दोन फासे येतात, म्हणून इंग्रज त्याला डबल म्हणतो. ते दोन्ही फासे एकाच ओढीत सुटतात, म्हणून अमेरिकन त्याला सिंगल म्हणतो. खांबाला तीन फासे, म्हणून तो ट्रेबल. ते दोन ओढींत सुटतात, म्हणून डबल. दोघंही आपापल्या जागी बरोबरच मोजतात. आपल्याकडे दोऱ्याच्या कंपन्यांची जुनी पत्रकं इंग्रजी पद्धतीची होती, त्यामुळे पन्नाशीच्या पुढच्या, वर्गात शिकलेल्या बायका खांबाला ट्रेबल म्हणतात. व्हिडिओ बहुतेक अमेरिकन पद्धतीचे, त्यामुळे विशीतल्या मुली त्यालाच डबल म्हणतात. आणि मराठीत दुहेरी खांब म्हणून तिसराच टाका आहे, सुईला दोन वेढे देऊन घालायचा, खांबापेक्षा उंच. म्हणजे ‘डबल घाल’ एवढं म्हटलं तर कोणी मुका खांब घालेल, कोणी खांब आणि कोणी दुहेरी खांब. एका शब्दाच्या तीन उंच्या.

याचा फटका काही वर्षांपूर्वी नेरूळच्या एका गटाला बसला. मीही त्यात होते. एका बालकाश्रमासाठी पांघरूण करायचं ठरलं. ४८ चौकोन, प्रत्येक ६ इंचांचा, पाच फेऱ्यांचा, ६ बाय ८ जोडले की ३ फूट बाय ४ फूट. सूचना व्हॉट्सॲपवर गेली: कोपऱ्यात दोन साखळ्या, बाकी तीन-तीन डबलचे गुच्छ. महिन्याने चौकोन जमा झाले. त्यातले १७ टेबलावर ठेवले की टेकतच नव्हते. कडा लाटांसारख्या वर आलेल्या, झालरीसारख्या. इंग्रजी पद्धतीने शिकलेल्या बायकांनी डबल म्हणजे मुका खांब घातला होता.

का झालं ते समजून घेण्यासारखं आहे. पहिल्या फेरीत तीन खांबांचे चार गुच्छ. पुढच्या प्रत्येक फेरीत चार गुच्छ वाढतात: ८, १२, १६, २०. पाच फेऱ्यांत ६० गुच्छ, १८० खांब. ही वाढ खांबाच्या उंचीशी बेतलेली आहे. खांबाच्या जागी मुका खांब आला की फेरीची उंची निम्म्यावर येते, टाक्यांची संख्या मात्र तेवढीच राहते. घेर जास्त, जागा कमी, मग कापड वर उसळतं. ज्यांनी दुहेरी खांब घातला असता त्यांचा चौकोन उलट वाटीसारखा आत ओढला गेला असता. सुदैवाने तसा कोणी घातला नव्हता.

ते १७ चौकोन उसवले. उसवलेली लोकर कुरळी निघते. ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लच्छी केली, कोमट पाण्यात भिजवून वाळवली. कोणी कोणाला बोललं नाही, पण एक काकू, ज्यांनी पन्नास वर्षं सुंदर काम केलं होतं, त्या पुढच्या बैठकीला आल्या नाहीत. ते मला अजून लागतं. त्यांचं चुकलंच नव्हतं.

त्यानंतर गटात प्रश्न आला की यापुढे सूचना कोणत्या शब्दांत लिहायच्या. ज्येष्ठ बायकांचं म्हणणं, साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, दुहेरी खांब हे शब्द घराघरांत आहेत, तेच वापरा. तरुण मुलींचं म्हणणं, नमुने सगळे व्हिडिओवर आहेत, मराठी शब्द शिकून तिथे काही शोधता येत नाही. दोन्ही बाजूंना आधार होता. दोन बैठका झाल्या आणि अमेरिकन नावं ठरली, कंसात मराठी. माझ्या मते ते उलटं हवं होतं. खांब हा शब्द फासे मोजत नाही, ओढी मोजत नाही. टाका उभा राहिला की कसा दिसतो ते सांगतो. मुका खांब बसका, अर्धा खांब मधला, खांब सरळ उभा. मुलगी ऐकते आणि हातातल्या कामाकडे बघून ओळखते. शिकवताना याहून जास्त काय हवं?

पुढच्या घडामोडी वेगाने आल्या. जानेवारी २०१६ मध्ये चेन्नईत हजाराच्या वर बायकांनी मिळून ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण जोडलं आणि जागतिक विक्रम केला. आपल्या हवेतही चौकोन जोडून मोठं काम होतं, हे त्यानंतर इथे कोणाला सांगावं लागलं नाही. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या, डब्यातल्या शाळा बंद पडल्या आणि शिकणं पूर्णपणे पडद्यावर गेलं. त्या काळात शिकलेल्या मुलींच्या हातात सफाई आहे, पण सुईची पकड प्रत्येकीची वेगळी, कारण शेजारी बसून मनगट धरून वळवणारं कोणी नव्हतं. चौकोनही पांघरुणातून बाहेर पडला. आता टॉप, झोळी, फोनचं पाकीट, सगळं त्यातून होतं, आणि मुंबईच्या घामाला लोकर नको म्हणून पुन्हा सुती दोरा आला आहे.

नेरूळच्या गटाचं पत्रक गेल्या वर्षी परत बदललं. आता टाक्याचं नावच लिहीत नाहीत, आंतरराष्ट्रीय खुणा काढतात: साखळीला लंबगोल, मुक्या खांबाला फुली, खांबाला उभी रेघ, वर आडवी आणि मध्ये एक तिरकी. पहिल्याच वर्गात ऐरोलीहून आलेल्या एका मुलीने ती खूण बघून विचारलं, “हा खांब ना?” काकूही त्या दिवशी आल्या होत्या. त्यांनी तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं.