परवानगीची वाट, हक्काची वाट

गोव्यातल्या आमच्या फोंड्याकडच्या गावात शेजारच्या भाटातून, म्हणजे बागायतीतून, एक पाऊलवाट जाते, माडांच्या रांगेतून, मेरेच्या कडेने, थेट व्हाळापर्यंत. देवळात जाणारी माणसे, शाळेची पोरे, चतुर्थीला विसर्जनाचे गणपती, सगळे याच वाटेने जातात. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या सरकारी नोंदीत, ती कुठे दाखवलेली नाही. विधानसभेत तिच्याबद्दल कधी शब्द निघालेला नाही. तरी एका वर्षी भाटकाराने कुंपण घातले तेव्हा अख्खा वाडा जमला, आणि वाड्यावरच्या सर्वांत म्हाताऱ्या आजीने एकच वाक्य म्हटले: “ही पयलीसावनची वाट.” म्हणजे पहिल्यापासूनची. कुंपणाला फट ठेवावी लागली. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. कोणी न लिहिलेला नियम एवढा जोर कुठून आणतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे आहे.

कायदा म्हणजे निवडून दिलेल्या सभागृहाने संमत केलेला मजकूर, असे आपण शाळेत शिकतो. तेवढ्यावर एक दिवससुद्धा जात नाही. पावसाळ्यातली मासेमारी बंदीच घ्या. 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांत ट्रॉलर बाहेर काढता येत नाहीत, मात्र या तारखा विधानसभेने ठरवलेल्या नाहीत. कायद्याने सरकारला बंदी घालण्याचा अधिकार दिला, तारखा येतात सरकारी अधिसूचनेने. किनाऱ्यावर भरतीरेषेपासून किती अंतरात बांधकाम करता येते, हेही 1991 सालापासून केंद्राच्या अधिसूचनांनीच ठरत आले आहे. अधिवेशन चालू नसताना राज्यपाल काढतात तो अध्यादेश तर थेट कायद्याच्या तोडीचा असतो, फक्त सभागृह पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत तो संपतो. या सगळ्या वाटा शेवटी संसदेकडे किंवा घटनेकडे पोचतात, म्हणून त्यांचे फारसे नवल वाटत नाही. रूढीचे वाटते.

रूढी आणि नुसती सवय यांतला फरक हा या शास्त्रातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग. आपण रोज सकाळी पाव आणतो, पण एखाद्या दिवशी आणला नाही तर कोणी हक्कभंग झाला असे म्हणत नाही. नियम व्हायला दोन गोष्टी लागतात. वर्तन दीर्घकाळ आणि सलग चाललेले हवे. आणि ते आपल्यावर बंधनकारक आहे ही जाणीव दोन्ही बाजूंना हवी. पहिली गोष्ट साक्षीदारांनी सिद्ध होते, दुसरी फार कठीण, कारण ती मनातली आहे. दीर्घकाळ म्हणजे किती, यावरही प्रत्येक व्यवस्थेची मोजपट्टी वेगळी. इंग्लंडच्या जुन्या कायद्याने 1189 हे साल धरले होते, रूढी तेव्हापासून चालत आलेली हवी. पोर्तुगालने 1769 च्या कायद्यात रूढीसाठी तीन अटी घातल्या: ती शंभर वर्षांहून जुनी हवी, विवेकाला धरून हवी आणि लिखित कायद्याविरुद्ध नको. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1952 मध्ये म्हटले की अनादि काळाचा पुरावा लागत नाही. लोकांनी मनापासून मानलेली आणि पुरेशी जुनी असली म्हणजे झाले.

मनातली ही दुसरी गोष्ट न्यायालय कशी शोधते, याचे जगभरच्या कायद्याच्या वर्गात शिकवले जाणारे उदाहरण आपल्याच इतिहासातले आहे. दादरा आणि नगर हवेली हे पोर्तुगीज ताब्यातले तुकडे चारी बाजूंनी भारतीय प्रदेशाने वेढलेले होते. दमणहून तिथे जायचे तर भारतातूनच जावे लागे. 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये ते मुक्त झाले, भारताने वाट बंद केली, आणि 1955 च्या डिसेंबरात पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. आम्हाला वाटेचा हक्क आहे, हा त्याचा दावा. माझ्या वाड्याचे भांडण आणि हे भांडण कायद्याच्या दृष्टीने सख्खे आहेत.

पोर्तुगालने पहिला आधार दाखवला मराठ्यांचा: 1779 चा पुण्याचा तह आणि 1783 व 1785 च्या सनदा. सरंजाम म्हणजे काय यावर हेगमध्ये युक्तिवाद झाले, हे मला अजून विलक्षण वाटते. न्यायालय म्हणाले की पेशव्यांनी महसूल तोडून दिला होता, सार्वभौमत्व नव्हे. वाटेचा हक्क त्या कागदांतून निघत नाही. मग त्याने कागद बाजूला ठेवले आणि वर्तन पाहिले. ब्रिटिश आल्यापासून 1954 पर्यंत, म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे, सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल या वाटेने जात-येत होता. मधूनमधून निर्बंध येत, पण ये-जा हा नियम आहे हे दोन्ही सरकारे धरून चालत. शस्त्रधारी सैनिक, पोलीस आणि दारूगोळा यांची गोष्ट वेगळी होती. 1878 च्या करारानंतर त्यांच्यासाठी प्रत्येक वेळी परवानगी मागितली जाई, आणि करार संपल्यावरही ती मागितली जात राहिली.

12 एप्रिल 1960 च्या निकालाचा सगळा डोलारा या फरकावर उभा आहे. ज्याची परवानगी मागावी लागते, तो हक्क नसतो. म्हणून माणसे, अधिकारी आणि माल यांच्यासाठी पोर्तुगालचा हक्क 11 विरुद्ध 4 मतांनी मान्य झाला. फौजफाट्यासाठीचा 8 विरुद्ध 7 अशा निसटत्या बहुमताने फेटाळला गेला. आणि 1954 च्या तंग परिस्थितीत वाट रोखणे हे भारताच्या नियंत्रणाच्या अधिकारात बसते, असे 9 विरुद्ध 6 मतांनी ठरले. फक्त दोन देशांमधली स्थानिक रूढीसुद्धा आंतरराष्ट्रीय कायदा होऊ शकते, हे तत्त्व त्या निकालाने पक्के केले.

रूढी लिहून काढली की तिचे काय होते, हेही गोव्याइतके क्वचितच कुठे दिसेल. तिसवाडी तालुक्यातल्या गावकाऱ्यांचे, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या संस्थांचे, व्यवहार कसे चालतात, जमीन कोण वाटतो, बांध कोण दुरुस्त करतो, हे पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेक्सिया याने 16 सप्टेंबर 1526 रोजी ‘फोराल’ नावाच्या सनदेत नोंदवले. हे नियम राज्यकर्त्यांनी बनवलेले नव्हते, ते आधीच गावांत चालत होते. पण नोंद झाल्यावर अर्थ लावण्याचा अधिकार हळूहळू लेखणीकडे गेला. कोमुनिदादींच्या (गावकाऱ्यांचे हे पोर्तुगीज नाव) संहितेपर्यंत, जी शेवटची 1961 च्या एप्रिलमध्ये आली, गावकऱ्यांच्या बैठकीपेक्षा प्रशासकाची सही वजनदार झाली होती. लिहिल्याने रूढी टिकते हे खरे, पण तिचा वाढता जीव तिथेच थांबतो, असे माझे मत आहे.

आता सर्वांत गुंतागुंतीची गोष्ट. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. लिस्बनची सत्ता गेली, मग लिस्बनचे कायदे? 1962 च्या प्रशासन कायद्याच्या पाचव्या कलमाने ते बदल होईपर्यंत चालू ठेवले. त्यामुळे पोर्तुगालची 1867 ची नागरी संहिता इथे राहिली. 1966 मध्ये खुद्द पोर्तुगालने ती टाकून नवी केली, त्याचा आपल्यावर काही परिणाम झाला नाही. वारसाहक्काचा भाग 2016 मध्ये गोव्याच्या स्वतःच्या कायद्याने घेतला. पण वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, ही व्यवस्था अजून त्या जुन्या संहितेचीच. म्हणूनच इथे जमीन विकताना दोघांच्या सह्या लागतात, आणि 1961 च्या आयकर कायद्यात गोवेकर जोडप्याचे असे उत्पन्न निम्मे-निम्मे मोजण्यासाठी 5-ए हे खास कलम घालावे लागले.

मग हा परदेशी कायदा झाला का? 13 सप्टेंबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले: नाही. संसदेने स्वीकारला म्हणून तो भारतीय कायदा आहे, आणि गोवेकराची मुंबईतली मालमत्तासुद्धा त्याच्याच कक्षेत येते. इंग्रज कायदेपंडित एच. एल. ए. हार्ट यांनी योगायोगाने 1961 सालीच मांडले होते की प्रत्येक व्यवस्थेच्या मुळाशी एक ओळखीचा नियम असतो. कोणता नियम कायदा म्हणून मोजायचा हे तो सांगतो. संहितेतले शब्द तेच राहिले, पण त्यांना ओळख देणारे बदलले.

न्यायालयेही नुसती ओळख देऊन थांबत नाहीत. खाणींच्या प्रकरणात 21 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या लोहखनिजाला वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली. हा आकडा कोणत्याही अधिनियमात शोधून सापडणार नाही. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे 1997 मध्ये न्यायालयातूनच आली आणि 2013 चा कायदा होईपर्यंत 16 वर्षे त्यांवरच बायकांना अवलंबून राहावे लागले. संसद एवढी वर्षे गप्प बसली याचा मला राग आहे. पण न्यायालय गप्प बसले असते तर त्याहून वाईट झाले असते.

घटनेचे तेरावे कलम ‘कायदा’ या शब्दात अध्यादेश, नियम आणि अधिसूचनेसोबत कायद्याचे बळ असलेल्या रूढीलाही बसवते. वाचताना तो रूढीचा सन्मान वाटतो, पण हेतू वेगळा आहे: कायदा ठरली की ती मूलभूत हक्कांच्या कसोटीला उभी करता येते. आमच्या घरात कोमुनिदादीचा झोन, म्हणजे तिच्या उत्पन्नातला गावकाराचा वाटा, घ्यायला आजोबा जात, मग वडील गेले, आता भाऊ जातो. रक्कम चहापाण्यापुरती असते. गावकारपण परंपरेने पुरुष वंशजांकडेच जात आले, म्हणून त्या वहीत आजीचे नाव नव्हते, आईचे नाही आणि माझेही नाही. ‘पयलीसावनची वाट’ म्हणून कुंपणात फट ठेवायला लावणारी होती, तीच ही आजी.