शालेय मंडळे

शालेय मंडळे : नेमलेल्या अभ्यासक्रमाबाहेरील एखाद्या आवडीसाठी विद्यार्थ्यांनी शाळेत चालविलेले गट. वक्तृत्व, निसर्गनिरीक्षण, नाट्य, बुद्धिबळ हे त्यांचे नेहमीचे विषय. बालवीर पथके व छात्रसेना यांची रचना शाळेबाहेर ठरते, म्हणून ती येथे धरलेली नाहीत.

उगम : विद्यापीठीय वादमंडळांच्या अनुकरणातून ही मंडळे निघाली, असे मत सामान्यतः मांडले जाते. कालक्रम पाहता ते इंग्लंडला नीट लागू पडत नाही. ईटन शाळेचे वादमंडळ १८११ चे. केंब्रिज युनियन हे विद्यापीठीय वादमंडळ १८१५ चे, तर ऑक्सफर्डचे १८२३ चे. एडिंबरो विद्यापीठातील स्पेक्युलेटिव्ह सोसायटी (१७६४) पूर्वसूरी मानली, तर हे मत काहीसे टिकते. तथापि शाळा व विद्यापीठ या दोहोंतील मंडळांचे मूळ अठराव्या शतकातील नागरी वादसभांत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

ईटनच्या मंडळाचे ‘पॉप’ हे रूढ नाव ‘पोपीना’ (खाद्यगृह) या लॅटिन शब्दावरून आले असावे; त्याच्या सभा आरंभी एका मिठाईच्या दुकानावरील खोलीत भरत. नवे सभासद जुन्यांनीच निवडायचे, अशी तेथील जुनी पद्धत होती. पुढे वाद मागे पडले आणि उरला तो निवडक मुलांचा मान व इतरांवरील अधिकार.

अमेरिकेत फिलिप्स एक्झिटर या शाळेत ‘गोल्डन ब्रँच’ हे मंडळ १८१८ मध्ये निघाले. कोलकात्यात हिंदू कॉलेजच्या किशोरवयीन विद्यार्थ्यांना घेऊन तेथील शिक्षक डिरोझिओ यांनी १८२७-२८ च्या सुमारास ॲकॅडेमिक असोसिएशन चालविली. तिच्या बैठका संस्थेबाहेर होत, त्यामुळे तिला शालेय मंडळ म्हणावे की नाही, हा प्रश्न राहतो. इंग्लंडमधील मार्लबरो (१८६४) व रग्बी (१८६७) या शाळांतील निसर्गेतिहास मंडळांत शिक्षकांचा पुढाकार स्पष्ट दिसतो.

संज्ञा : ‘अभ्यासेतर’ की ‘अभ्यासपूरक’, हा वाद विसाव्या शतकातला. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील एल्बर्ट फ्रेटवेल यांनी असे उपक्रम अभ्यासातून निघावेत व अभ्यासालाच समृद्ध करावेत, अशी भूमिका घेतली. या भेदाला पुढे कायदेशीर वजन आले. अमेरिकेच्या १९८४ च्या कायद्यानुसार, अभ्यासक्रमाशी संबंध नसलेल्या एका मंडळाला जागा देणाऱ्या संघीय मदत घेणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळेला धार्मिक वा राजकीय आशयावरून दुसरे मंडळ नाकारता येत नाही. या कायद्याखालील मर्जेन्स खटल्यात (१९९०) ओमाहा येथील शाळेने बुद्धिबळ मंडळ गणित व विज्ञानाला पूरक, म्हणून अभ्यासक्रमाशी संबंधितच असल्याचा दावा केला. सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही.