वावरातला गारगोटा आणि सोन्याची शीर

बुलढाणा, वाशीम, यवतमाळकडे वखर फिरला की काळ्या मातीतून पांढरे गोटे वर येतात. एखादा फुटला की आत लखलखणारे स्फटिक, नाहीतर एकात एक वळलेले राखाडी-निळसर पट्टे दिसतात. मग फोटो मोबाइलवर फिरतो आणि प्रश्न येतो, "भाऊ, यात सोनं असंन का?"

प्रश्न खुळा नाही. न्यूझीलंडमधल्या वाइही किंवा जपानमधल्या हिशिकारी खाणीतल्या सोन्या-चांदीच्या शिरेचा, म्हणजे खडकाच्या भेगेत भरलेल्या खनिजाचा, तुकडा आपल्या पट्टेदार गोट्याशेजारी (अकिकाशेजारी) ठेवला, तर नवखा माणूस हमखास फसेल. गार (क्वार्ट्झ) दोन्हीत आहे, पट्टेही दोन्हीत, मधल्या फटीत स्फटिकसुद्धा. दोघांना वेगळं करतं ते गार आणून बसवणारं पाणी.

पश्चिम विदर्भाचा बहुतेक भाग बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर बसलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि थिजताना त्यांच्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे खडकातून झिरपणाऱ्या, फारशा गरम नसलेल्या पाण्यानं बेसाल्टमधलीच सिलिका, म्हणजे गार जिच्यापासून बनते ती, विरघळवून त्या पोकळ्यांत आणून ठेवली. त्यातून अकीक झाला, गारेचे स्फटिक झाले, सोबत झिओलाइट आणि कॅल्साइट ही खनिजं आली. गोट्यावर कधी हिरवी साल असते. ती तांब्याची आहे असं पुष्कळांना वाटतं, पण ते सेलॅडोनाइट नावाचं लोहयुक्त खनिज असतं. या पाण्याला सोनं वाहून नेता येत नव्हतं, कारण त्यात ना तेवढी उष्णता होती ना पुरेसा गंधक.

गंधकाशिवाय इथं काही हलत नाही. सोन्याच्या शिरा भरणाऱ्या गरम पाण्यात सोनं फिरतं ते मुख्यतः विरघळलेल्या गंधकाशी जोडी करून. ही जोडी तुटली की सोनं जागच्या जागी बसतं. वाइही-हिशिकारीसारख्या ठिकाणी ज्वालामुखीच्या प्रदेशात १५० ते ३०० अंश सेल्सिअसचं पाणी भेगांतून वर चढलं, साधारण एक-दीड किलोमीटर खोलीच्या आत दाब उतरला आणि सोड्याची बाटली उघडावी तसं ते उसळलं. गंधकाचा वायू उडून गेला आणि सोनं-चांदी गारेत राहिली. पुढच्या प्रत्येक उसळीला नवा पट्टा. त्यातले पापुद्र्यासारखे कॅल्साइटचे पत्रे, ज्यांची जागा पुष्कळदा नंतर गारेनं घेतलेली असते, हे भूवैज्ञानिकाला त्या उकळीची खूण वाटतात.

अशा शिरांत चांदी बहुधा सोन्याच्या कितीतरी पट असते, आणि ती चांदीसारखी दिसतच नाही. अमेरिकेत नेवाडामधल्या कॉमस्टॉक इथं १८५९ साली सोनं धुणारे लोक चाळणीत अडकणाऱ्या निळ्या-काळ्या चिखलाला शिव्या घालत होते. तपासल्यावर कळलं, तो चिखल म्हणजेच चांदीचं गंधकयुक्त खनिज. पिवळ्यामागे धावणारा माणूस काळं फेकून देतो, ते असं.

मग विदर्भात शिरेतलं सोनं नाहीच का? आहे, पण नकाशाच्या दुसऱ्या बाजूला. नागपूरची सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, आणि शहराच्या पूर्वेला अब्जावधी वर्षांचे जुने खडक सुरू होतात. तिथल्या साकोली पट्ट्यात कोलारीला जस्त, खोबन्याला टंगस्टन आणि परसोडी परिसरात गारेच्या शिरांमधलं सोनं भूवैज्ञानिकांनी नोंदवलेलं आहे. नोंद म्हणजे खाण नव्हे, हे बातमी वाचताना विसरलं जातं. इतक्या जुन्या, खोलवर झिजलेल्या प्रदेशात उथळ खोलीच्या पट्टेदार शिरा सहसा टिकत नाहीत. अशा खडकांत शोधायची ती कर्नाटकातल्या कोलारच्या जातीची खोल शीर. ही जमिनीखाली कित्येक किलोमीटरवर, खडक दाबाखाली सरकून चिरडले गेले त्या पट्ट्यांत तयार होते, आणि तिच्यात सोन्याच्या मानाने चांदी थोडी असते. भेगेलगतच्या खडकातलं लोह पाण्यातला गंधक ओढून घेतं, त्याचा पायराइट (लोह-गंधकाचं पिवळं चमकदार खनिज) होतो आणि एकटं पडलेलं सोनं तिथंच बसतं. म्हणून अशी गार दिसायला कळकट असते: दुधी, तडकलेली, पायराइट कुजून गंजाचे डाग आणि बारीक चौकोनी खळगे पडलेली. शोकेसमध्ये कोणी ठेवणार नाही.

धुऱ्यावर उभं राहून ओळखायचं तर आधी आकार पाहावा. बुडबुड्यातला गोटा सगळीकडून बंद असतो आणि त्याचे स्फटिक आत, मध्याकडे तोंड करून असतात. शीर रेषेत जाते. कधी नाल्यात दिसते, मग मातीखाली गडप होऊन पुढे पुन्हा डोकं काढते. बेसाल्टच्या भेगांतही गार भरलेली सापडते, त्यामुळे नुसत्या रेषेवर भरवसा ठेवू नये. तिच्या दोन्ही बाजूंचा खडक बघावा. खऱ्या शिरेलगत तो रंग बदलून अभ्रकाळ, हिरवट किंवा गंजका झालेला असतो. गोट्याभोवतीचा बेसाल्ट एखादी पातळ साल सोडली तर बहुधा जसाच्या तसा.

पिवळी चमक दिसली तर हातोडी मारा. सोनं चपटं होतं, पायराइटचा भुगा होतो. पाण्यात तरंगत जाणारी सोनेरी टिकली अभ्रकाची.

डोळ्यांना सोनं दिसलं नाही म्हणून शीर बाद करता येत नाही. टनाला १ ग्रॅम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, आणि काही ग्रॅमवरही खाणी चालतात. म्हणून प्रयोगशाळेला नमुना पाठवायचा तर सुंदर तुकडा निवडू नये. शिरेच्या पूर्ण रुंदीला आडवी चर खणून त्यातला सगळा चुरा घ्यावा, आणि दोन्ही बाजूंच्या गंजक्या खडकाचा वेगळ्या पिशवीत.