मधुसूदन दत्तांचा बाप्तिस्मा कॉलेजात झालाच नव्हता!

बंगाली महाकवी मायकेल मधुसूदन दत्त यांना कोलकात्याच्या बिशप्स कॉलेजातल्या पाद्र्यांनी बाटवलं, ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. तारखा पाहिल्या की ती कोसळते.

बाप्तिस्मा झाला ९ फेब्रुवारी १८४३ रोजी, ओल्ड मिशन चर्चमध्ये. तेव्हा ते हिंदू कॉलेजचे विद्यार्थी होते. धर्म बदलला म्हणून तिथली दारं बंद झाली आणि १८४४ मध्ये त्यांनी बिशप्स कॉलेज गाठलं. म्हणजे आधी धर्मांतर, मग कॉलेज.

बिशप मिडलटन यांनी हे अँग्लिकन कॉलेज १८२० मध्ये हुगळीकाठी शिवपूरला काढलं, धर्मोपदेशक घडवायला. पण पुढे इतरांनाही प्रवेश मिळू लागला, मधुसूदन त्यांतलेच. ग्रीक, लॅटिन, संस्कृत शिकले. खर्च काही काळ वडीलच देत होते, हे गंमतीचं! शिवाय ते काही आज्ञाधारक नवख्रिस्ती नव्हते. युरोपीय विद्यार्थ्यांचा पोशाख नाकारला गेला, तर पठ्ठ्या रंगीबेरंगी देशी कपडे घालून हजर.

१८८० मध्ये शिवपूरची जागा सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजकडे गेली. त्यामुळे तिथल्या जुन्या इमारती पाहून ‘इंग्रजांनी इंजिनिअरिंगसाठीच बांधल्या’ म्हणणारेही भेटतात. तेही चूक.