जपानी शाळेतला वजनकाटा : किडकिडीत मुलांपासून गुटगुटीत मुलांपर्यंत

जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि ३० जूनच्या आत प्रत्येक शाळेला मुलांची आरोग्य तपासणी उरकावी लागते. व्यायामाच्या कपड्यांतली मुलं अनवाणी रांगेत उभी राहतात. ‘योगो-क्योयु’, म्हणजे शाळेच्या आरोग्य खोलीच्या बाई, एकेकाची उंची आणि वजन टिपून घेतात. आपल्याकडे प्रगतिपुस्तकातही उंची-वजनाचा रकाना असतो. बाई अंदाजाने काहीतरी भरतात, पालक सही करतात आणि विषय संपतो. जपानमध्ये मात्र नमुना म्हणून निवडलेल्या शाळांचे हे आकडे शिक्षण मंत्रालयापर्यंत पोहोचतात. ५ ते १७ वयाच्या सुमारे सात लाख मुलांची नोंद दरवर्षी अशी जमा होते. या तक्त्याची पहिली ओळ १९०० सालची आहे. मध्ये १९४० ते १९४७ ही युद्धाची आणि लगेच नंतरची वर्षं रिकामी आहेत.

सव्वाशे वर्षांचा तक्ता म्हटलं की वाटतं, एकच पट्टी लावून एकच गोष्ट मोजत आले असतील. तसं झालेलं नाही. ‘बिघडलेलं वजन’ म्हणजे काय, याचं उत्तर मध्ये पार उलटलं, आणि पट्टीही बदलली. म्हणून या आकड्यांचा आलेख पाहण्याआधी ते कुणी, कशासाठी मोजले ते बघायला हवं.

सुरुवात झाली ती कवायतीतून. १८७८ मध्ये तोक्योत सरकारने व्यायामशिक्षक घडवणारी संस्था काढली आणि तिथे शिकवायला जॉर्ज लेलँड हा अमेरिकन डॉक्टर आणला. विद्यार्थ्यांची शरीरं मोजून व्यायामाचा परिणाम पाहायचा, ही पद्धत तिथे रुजली. १८९७ मध्ये विद्यार्थ्यांच्या शारीरिक तपासणीचे नियम आले. देशाला धडधाकट शिपाई आणि कामगार हवे होते, त्यामुळे काळजी होती ती मुलं खुजी आणि अशक्त राहण्याची. डॉक्टर मुलाकडे बघून त्याच्या अंगकाठीची प्रत ठरवत: बळकट, मध्यम किंवा अशक्त. जाड मुलासाठी वेगळा रकाना नव्हता, कारण तशी मुलं काळजीचा विषयच नव्हती. १९०० साली १७ वर्षांच्या मुलाची सरासरी उंची १५८ सेंटिमीटरच्या आसपास होती. आज ती १७० च्या वर आहे.

उपाशी मुलाला शाळेतच खायला घालायचं, ही कल्पनाही याच काळातली. १८८९ मध्ये यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावी एका देवळात चालणाऱ्या शाळेने गरीब मुलांना दुपारचं जेवण द्यायला सुरुवात केली. भाताचे मुटके, खारवून भाजलेला सामन मासा आणि लोणचं. जपानी शालेय भोजनाचा इतिहास सांगताना आजही याच ताटापासून सुरुवात करतात. पुढे १९३० पासून ‘आसाही’ या वृत्तपत्राने देशातल्या सर्वांत निरोगी मुला-मुलीची निवड सुरू केली. आपल्याकडच्या सुदृढ बालक स्पर्धेची ही जपानी थोरली बहीणच. उंच आणि भरलेल्या अंगाचं मूल हा तिथला आदर्श होता, आणि व्यक्तिगत बक्षिसं सत्तरच्या दशकाच्या शेवटापर्यंत चालू राहिली. म्हणजे लठ्ठपणाची मोजणी सुरू झाली तेव्हा गुटगुटीत मुलांच्या पाठीवर शाबासकी पडणं नुकतंच थांबत होतं.

युद्ध संपलं तेव्हा देश भुकेला होता. १९४६ च्या अखेरीपासून परदेशी मदतीच्या धान्यावर आणि दुधाच्या भुकटीवर शाळेतली जेवणं पुन्हा सुरू झाली. आताचं आरोग्य सर्वेक्षण १९४८ चं, आणि शालेय भोजनाचा कायदा १९५४ चा. त्या भुकटीच्या दुधाचा वास आठवून नाक मुरडणारी एक अख्खी पिढी जपानमध्ये आहे. पण त्याच पिढीची उंची-वजनं झपाट्याने वाढली, आणि साठच्या दशकात सुबत्ता आल्यावर काटा दुसऱ्या बाजूला झुकू लागला.

१९७७ पासून सर्वेक्षणात लठ्ठपणाकडे झुकलेल्या आणि फार रोड असलेल्या मुलांचं प्रमाण वेगळं काढायला लागले. जपानी शब्द आहे ‘हिमान-केइको-जी’. त्यातला ‘केइको’ म्हणजे कल. मूल लठ्ठ आहे असं न म्हणता, तिकडे झुकतंय असं म्हणायचं. शब्द जपून निवडला होता. हिशोब मात्र जरा कच्चा राहिला. त्या वर्षीच्या त्याच वयाच्या, त्याच उंचीच्या मुलांचं सरासरी वजन काढायचं आणि त्याच्या १२० टक्के किंवा त्याहून जास्त भरेल त्याला या गटात टाकायचं. ८० टक्के किंवा कमी भरेल तो रोड. पण सगळीच मुलं थोडी थोडी जाड झाली, तर सरासरीही वर जाते आणि काल ज्याला जाड म्हटलं असतं ते मूल आज ‘ठीक’ ठरतं. पाण्याबरोबर वर येणाऱ्या ओंडक्यावर खूण करून पूर मोजण्यासारखं हे. तरीही या पद्धतीत अकरा-बारा वर्षांच्या मुलग्यांमधलं प्रमाण २००० पर्यंत दीड पटीच्या पुढे गेलं. प्रत्यक्षातली वाढ त्याहून मोठी असणार, असं मला वाटतं.

२००६ मध्ये पट्टी बदलली. आता २००० सालच्या आकड्यांवरून प्रत्येक वयासाठी एक सूत्र ठरलं आहे आणि ते दरवर्षी हलत नाही. १० वर्षांच्या मुलग्यासाठी उंचीला ०.७५२ ने गुणायचं आणि ७०.४६१ वजा करायचे. १४० सेंटिमीटर उंचीला उत्तर येतं ३४.८ किलो. वजन त्याहून २० टक्के किंवा अधिक जास्त, म्हणजे सुमारे ४१.८ किलो किंवा पुढे, तर मूल लठ्ठपणाकडे झुकलेलं. २० टक्के किंवा अधिक कमी, म्हणजे २७.९ च्या खाली, तर रोड. त्यामुळे २००५ आणि २००६ चे आकडे एका रेषेत जोडता येत नाहीत, तरीही जोडलेले आलेख सर्रास दिसतात.

त्यानंतरची काही वर्षं लठ्ठपणा हळूहळू उतरला. याच सुमारास, २००५ मध्ये, ‘शोकुइकु’चा म्हणजे अन्नशिक्षणाचा कायदा आला आणि शाळांमध्ये पोषण-शिक्षक नेमता येऊ लागले. उतार त्यांच्यामुळेच, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. जेवणाखेरीजही कारणं असतात. तोयामा प्रांतात १९८९-९० मध्ये जन्मलेल्या हजारो मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, तेव्हा कमी झोप आणि लठ्ठपणा यांची सांगड दिसली.

जागेचाही फरक पडतो. होक्काइदो आणि उत्तरेकडच्या तोहोकु भागात प्रमाण पूर्वीपासून जास्त. हिवाळाभर बर्फ, आणि गावातल्या शाळा एकत्र केल्यामुळे चालत जाणारी मुलं बसमध्ये बसू लागलेली. मार्च २०११ च्या भूकंपानंतर त्या वर्षी इवाते, मियागी आणि फुकुशिमा हे तीन प्रांत सर्वेक्षणातून वगळले होते. २०१२ ला आकडे आले तेव्हा फुकुशिमा अनेक वयोगटांत देशात पहिला होता. भूकंपात बिघडलेल्या तिथल्या अणुवीज केंद्रातून पसरलेल्या किरणोत्साराच्या भीतीने मुलं मैदानावर जातच नव्हती. कोरियामा शहराने तर डिसेंबर २०११ मध्ये छपराखाली मोठं क्रीडांगण उघडलं, वाळूच्या हौदासकट.

तसाच धक्का कोरोनाने दिला. १० वर्षांच्या मुलग्यांमधलं प्रमाण २०१९ मध्ये साडेदहा टक्क्यांच्या आसपास होतं, २०२० मध्ये ते १४ टक्क्यांच्या वर गेलं. मात्र त्या वर्षी तपासणीची मुदत मार्चपर्यंत वाढवली होती. जूनमध्ये मोजलेलं मूल आणि फेब्रुवारीत मोजलेलं मूल यांत आठ महिन्यांची वाढ असते, म्हणून मंत्रालयानेच थेट तुलना करू नका असं बजावलं.

या गडबडीत दुसरी बाजू मागे पडते. १२ वर्षांच्या मुलींपैकी चार टक्क्यांच्या आसपास मुली आता रोड गटात मोडतात, आणि विशीतल्या जपानी स्त्रियांमध्ये दर पाचांत एक कमी वजनाची असते. १८९७ साली भीती होती ती हाडकुळ्या मुलांचीच, पण तेव्हा घरात अन्न नव्हतं. आता ताट भरलेलं असताना मुलगी घास बाजूला सारते.

२०१६ पासून बसलेल्या स्थितीतली उंची मोजणं बंद झालं आणि त्याच वेळी प्रत्येक मुलाचा वाढीचा आलेख काढण्यावर भर आला. हा आलेख का हवा, ते साध्या हिशोबात दिसतं. १५२ सेंटिमीटर उंचीच्या १२ वर्षांच्या मुलीचं सूत्राप्रमाणे वजन येतं ४४ किलो. गेल्या वर्षी ४५ किलो असलेली मुलगी यंदा ३७ वर आली, तरी ती फक्त १६ टक्के कमी भरते. राष्ट्रीय तक्त्यात ती कुठल्याच रकान्यात दिसत नाही. आरोग्य खोलीतल्या कागदावर मात्र इतकी वर्षं वर चढत आलेली तिची रेघ खाली वळलेली असते.